रांजणखळग्यांची भिंत आणि तिच्यामागचे पाइप

सद्यस्थिती आधी सांगतो. माशांची सहा फुटी टाकी भरली आहे, पाणी काचेसारखं नितळ आहे, टाकीतलं जादा पाणी खाली नेणाऱ्या ओव्हरफ्लोचा आवाज जवळजवळ बंद झालाय, आणि सातपैकी एक मळ्या (कातळाला चिकटून राहणारा आपल्याकडचा मासा) गेले दोन दिवस टाकीतल्या नकली कातळभिंतीच्या मागे मुक्कामाला आहे. तो तिथे कसा गेला आणि मी त्याला दहा मिनिटांत का काढू शकत नाही, यातच या साडेपाच महिन्यांची सगळी गोष्ट आली.

मागच्या गणपतीनंतर कामाला हात घातला. टाकीचं माप ७२ × २४ × २४ इंच, १२ मिमी काच, वरून चौफेर काचेच्या पट्ट्या आणि मधे एक आडवी पट्टी. कागदावर ६८० लिटर, पण काचेची जाडी, वरची मोकळी जागा आणि पाठीमागची भिंत वजा करता खरं पाणी ५०० लिटरच्या आसपास. आपण पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो हे लक्षात ठेवून वजनाचा हिशेब मांडला: पाणी, सव्वाशे किलो काच, लोखंडी स्टँड, दगड, खालचा संप (ओव्हरफ्लोचं पाणी जमणारी, पंपाची छोटी टाकी) आणि त्यातलं पाणी मिळून एक टनाच्या आसपास, तेही सव्वा चौरस मीटरहून कमी जागेवर. राहत्या घराच्या स्लॅबसाठी चौरस मीटरला २०० किलोचा भार धरतात. हा आकडा पूर्ण खोलीवर पसरलेल्या भाराचा असतो, त्यामुळे लगेच घाबरायचं कारण नाही. पण मनाने ठरवायचाही विषय नाही. ओळखीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरना नकाशा दाखवला. त्यांनी टीव्हीची भिंत नाकारली आणि बीमवरची, दोन कॉलमच्या मधली जागा दाखवली. टीव्ही हलला. घरातून आलेली प्रतिक्रिया इथे लिहीत नाही.

आता भिंत. बाजारात मिळणारे छापील निळे समुद्र मला नको होते, आणि अ‍ॅमेझॉन नदीतल्यासारखी मुळंही नको होती. आपल्या डोक्यात नदी म्हटलं की काळा कातळ येतो. पारनेर तालुक्यात निघोजला कुकडी नदीच्या पात्रात मळगंगेच्या कुंडावर जे रांजणखळगे आहेत, ते ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. भोवऱ्यात सापडलेले गोटे गरागरा फिरत बेसाल्टला पोखरत जातात आणि रांजणासारखे गोल, गुळगुळीत खड्डे तयार होतात. दोन खड्ड्यांमधली भिंत झिजली की आरपार खिडकी होते. ही खिडकी मला टाकीत हवी होती, कारण मागे पाइप लपवायचे होते आणि पुढे पाणी वाहतं दिसायला हवं होतं.

थर्माकोलच्या ३ इंची जाड लाद्या घेतल्या, जास्त घनतेच्या. हलक्या, मणी सुटणाऱ्या लाद्या घेऊ नका, सुरी लावली की घरभर बर्फ पडतो. मोठे कडे सुरीने कापले, भेगा सोल्डरिंग आयर्नने ओढल्या. खळगे मात्र जमेनात. सुरीने कोरलेला खड्डा कोरलेलाच दिसतो. शेवटी जुनी स्टीलची वाटी सांडशीत धरून गॅसवर तापवली आणि थर्माकोलवर टेकवून फिरवली. लोण्यात चमचा जावा तशी आत गेली आणि भिंत एकदम गुळगुळीत निघाली. वाटी, पेला, तांब्याचं बूड, तीन मापांचे खळगे झाले. हे सगळं गच्चीवर, वाऱ्याच्या दिशेने पाठ करून, मास्क लावून करा. जळक्या थर्माकोलचा धूर विषारी असतो. ती वाटी आता माझी, स्वयंपाकघरात तिला परत प्रवेश नाही.

सिमेंटचे चार हात दिले. पहिला ताकासारखा पातळ, म्हणजे बारीक भेगांत उतरतो. पुढचे धिरड्याच्या पिठाइतके. पाण्यात अ‍ॅक्रिलिक बाँडिंगचं द्रावण मिसळलं की तडे कमी जातात. प्रत्येक हातानंतर ओलं गोणपाट टाकून एक दिवस ठेवलं. ऑक्टोबरच्या उन्हात गोणपाट दोन तासांत वाळायचं, आई दुपारी पापडांवर लक्ष ठेवावं तशी पाणी मारून यायची. रंगासाठी काळा ऑक्साइड. इथे पहिली चूक केली: सरसकट काळं केलं. बेसाल्ट कोरडा असताना करडा-तपकिरी असतो, ओला झाला की काळा होतो. पाण्यात भिंत डांबरी रस्त्यासारखी दिसायला लागली. मग शेवटचा हात राखाडी सिमेंटचा, जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त उंचवट्यांवर फिरवला आणि खळग्यांच्या तळाशी चिमूटभर लाल ऑक्साइड पुसला. तेव्हा कुठे कातळ वाटला.

सिमेंटमधला चुना पाण्यात उतरत राहतो आणि पीएच चढतो, म्हणून तुकडे गच्चीवरच्या ताडपत्रीच्या हौदात बुडवून ठेवले, वर विटा ठेवून. तीन दिवसांनी पाणी बदलायचं. पहिल्या आठवड्यात टेस्ट किटचा रंग पट्टीच्या टोकाला. मधे एकदा व्हिनेगर घातलेल्या पाण्यात दोन दिवस काढले. पाच आठवड्यांनी ८ च्या खाली आला आणि तिथेच थांबला. दिवाळी हौदातच गेली.

तरंगण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण बहुतेकांची भिंत इथेच सुटते. सहा फूट लांब, बावीस इंच उंच, सरासरी तीन इंच जाड म्हणजे सुमारे ७५ लिटर आकारमान. तेवढं पाणी ती बाजूला सारते. सिमेंटचा थर आणि थर्माकोलचं वजन वजा केलं तरी साठ किलोंहून जास्त जोर सतत वर ढकलत असतो. म्हणजे एक मोठा माणूस रात्रंदिवस भिंत उपटतोय असं समजा. सिलिकॉन सिमेंटच्या भुकटीला धरत नाही, म्हणून मागची बाजू कोरी थर्माकोलचीच ठेवली आणि काच स्पिरिटने पुसून सिलिकॉनच्या उभ्या-आडव्या रेघा मारल्या. बुरशीनाशक घातलेलं बाथरूमचं सिलिकॉन चुकूनही नको. शिवाय भिंतीची वरची कड काचेच्या पट्टीखाली घट्ट बसेल अशी उंची ठेवली, म्हणजे सिलिकॉनने दगा दिला तरी पट्टी अडवेल. तुकडे तीन, सांधे सरळ न कापता भेगेच्या नागमोडी रेषेत, त्यामुळे आज मलाही ते शोधावे लागतात.

आणि आता ती दुसरी, मोठी चूक. डाव्या कोपऱ्यात काळ्या काचेचा ओव्हरफ्लोचा डबा आहे. डब्याच्या तळाला तीन होल: एक पाणी खाली नेणारा सायफनचा पाइप, एक आणीबाणीचा, एक रिटर्न, म्हणजे संपमधलं पाणी पंपाने परत वर आणणारा. (होल मारण्याआधी तळाची काच टफन्ड नाही ना, ते काचवाल्याला दोनदा विचारा. टफन्ड काचेला होल पडत नाही, तिचा चुरा होतो.) हा डबा दिसू नये म्हणून मी त्याच्याभोवती एक देखणा कातळ उभा केला आणि सिलिकॉनने पक्का चिकटवला. इतका पक्का की डब्यात माझा हात फक्त मनगटापर्यंत जात होता. फोटो सुंदर आले. प्लंबरभाऊ बघून एवढंच म्हणाले, "साहेब, उद्या काही अडकलं तर?" मी हसलो.

प्लंबिंग असं आहे. सायफनचा पाइप पूर्ण भरून, हवेविना वाहतो म्हणून गुडगुड होत नाही. त्यावर खाली व्हॉल्व्ह. आणीबाणीचा पाइप एरवी कोरडा, त्याचं तोंड एक इंच उंच. सायफन तुंबला तर पाणी चढतं आणि त्यातून खाली जातं, आवाज होतो, आवाज हाच अलार्म. पैसे वाचवायला सायफनवर आधी बॉल व्हॉल्व्ह लावला होता. केसभर फिरवला तरी पातळी एकदम चढायची, नाहीतर घशात घोट अडकल्यासारखा आवाज. गेट व्हॉल्व्ह लावल्यावर दहा मिनिटांत जुळलं. जिथे जिथे व्हॉल्व्ह आहे तिथे दोन्ही बाजूंना युनियन (फिरवून सोडवता येणारा जोड) टाका, नाहीतर तो बदलायचा म्हणजे सोल्युशनने चिकटवलेला पाइप करवतीने कापायचा. मी कापला.

पंपावर ताशी ६००० लिटर छापलेलं आहे. साडेचार फूट चढ, चार एल्बो पार करून वर किती येतं ते बादलीने मोजलं: २० लिटरची बादली १९ सेकंदांत, म्हणजे ताशी ३८०० च्या आत. पुरतं. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो.

वीज गेल्यावर काय होतं, याची चाचणी पाणी भरल्या दिवशी केली आणि खुशीत झोपलो. टाकीतलं पाणी एक सेंटिमीटर उतरलं की साधारण ९ लिटर खाली येतं. रिटर्नचं तोंड १२ सेंटिमीटर खोल आहे, पण पाण्याच्या पातळीलगत पाइपला छोटं छिद्र पाडलेलं. पंप थांबला की रिटर्न टाकीतलं पाणी उलटं खाली ओढायला लागतो. छिद्रातून हवा शिरली की हा उलटा सायफन तुटतो. त्यामुळे ४५ लिटरच खाली यायचे आणि संपमध्ये ६० लिटर जागा मोकळी. हिशेब चोख. तीन आठवड्यांनी पहाटे वीज गेली. छिद्रात एक पिल्लू गोगलगाय बसली होती. रिटर्न बारा सेंटिमीटरपर्यंत ओढत राहिला, शंभराहून जास्त लिटर खाली आले, आणि अडीच बादल्या पाणी हॉलमध्ये. खालच्या काकूंनी बेल वाजवली तेव्हा मी फरशीवर टॉवेल पिळत होतो. त्या बिचाऱ्या एवढंच म्हणाल्या, "अरे, आमच्याकडे देवघरावर येतंय."

रिटर्नचा पाइप त्या देखण्या कातळाच्या मागे. छिद्र साफ करायला हात पोचेना. रविवारी संध्याकाळी ब्लेड घेऊन बसलो आणि तो कातळ कापून काढला. काढताना दोन खळगे फुटले. नवा तुकडा पातळ कवचासारखा केला, बुडाला ग्रॅनाइटचा तुकडा बसवला म्हणजे तरंगत नाही, चिकटवला अजिबात नाही. उचलला की सगळे पाइप समोर. छिद्रं आता दोन आहेत, वेगवेगळ्या बाजूंना. रिटर्नचं तोंडही पाच सेंटिमीटरवर आणलं, म्हणजे दोन्ही बुजली तरी संप पुरेल. देवघराच्या छताला रंग मी दिला.

माशांबद्दल थोडक्यात. महिनाभर टाकी माशांविना चालवली, त्यांना घातक असलेले अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत. मग सात मळ्या आणि डझनभर फिलामेंट बार्ब, दोन्ही आपल्या सह्याद्रीकडचे. मळ्याचं शास्त्रीय नाव गारा मुल्या. कर्नल सायक्सने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांना नावं देताना इथल्या लोकांच्या तोंडचीच नावं लॅटिनच्या पंगतीला बसवली. खुद्री, कोळस आणि मळ्या ही त्यांतलीच. याच्या तोंडाखाली चकती असते, तिने तो वाहत्या पाण्यात कातळाला चिकटून राहतो. तापवलेल्या वाटीने केलेल्या खळग्यांत सातही जण पहिल्या रात्रीच जाऊन बसले, तेव्हा आईला हौदाचे दिवस आठवले असावेत, तिने उगीच दोनदा येऊन पाहिलं.

पण जो ओल्या काचेवर चढतो तो ओव्हरफ्लोच्या डब्याच्या कडेवरच्या दातांवरही चढतो. एक संपमध्ये सापडला, अगदी टुणटुणीत. दातांवर जाळी बसवली. दुसऱ्याने नव्या तुकड्याच्या आणि जुन्या भिंतीच्या मधली बोटभर फट शोधली आणि चिकटवलेल्या भागाच्या मागे, सिलिकॉनच्या दोन रेघांमधल्या पोकळीत शिरला. तिथे माझा हात जात नाही. काल रात्री दिवा बंद करून बॅटरी मारली, त्याचं शेपूट दिसलं. फटीशी काकडीची चकती बांधून ठेवली आहे. सकाळी ती अर्धी खाल्लेली होती, पण कोणी खाल्ली ते सांगता येत नाही. शनिवारपर्यंत वाट बघतो, नाहीतर मधल्या तुकड्याची खालची कड कापतो. फट बुजवायला स्पंज आणून ठेवलाय, तो त्यानंतर.