खटखट मोठी, कारण थेंबाएवढं

आज एक जुनं डिझेल इंजिन कामाला आलं. खटखट एवढी की बॉनेट उघडायच्या आधीच मालकांनी निकाल देऊन टाकला, "बेअरिंग गेलं, इंजिन उतरवावं लागणार!" वर आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) मिसिंग, म्हणजे मधेच एखादा ठोका चुकणं, आणि डोळ्यांना झोंबणारा पांढुरका धूर. असा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल, त्यामुळे मला बेअरिंगपेक्षा इंजेक्टरचाच, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाचाच, संशय जास्त.

इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट थोडा सैल केला, म्हणजे त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं. चांगला सिलिंडर बंद पडला की इंजिन लगेच लंगडतं. तिसऱ्याला मात्र चालीत काही फरक नाही, उलट खटखटच गायब! पण थांबा, भार उतरल्यावर बेअरिंगचा आवाजही दबतो. म्हणून तिसऱ्याचा इंजेक्टर पहिल्याला लावला, पहिल्याचा तिसऱ्याला. आवाज इंजेक्टरच्या मागोमाग पहिल्यात गेला. बेअरिंग काही जागा बदलत नाही! ऑइल प्रेशरही ठीक होतं.

तो इंजेक्टर टेस्टरवर लावला तर नोझलच्या (फवारा सोडणाऱ्या तोंडाच्या) टोकाला थेंब लटकलेला. धुक्यासारखा फवारा हवा, तिथे नुसती धार. असं डिझेल उशिरा आणि एकदम पेटतं, तोच हा दणका.

(कॉमन रेलवर, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या इंजिनांवर, नट सैल करायचा हा प्रकार चुकूनही करू नका. तिथे दाब 1000 बारच्या वर जातो, डिझेल थेट कातडीत घुसतं. तिथे स्कॅनरच लावायचा.)

नवं नोझल उद्या बसेल, तांब्याचा वॉशरही नवा. फिल्टरमधून बरंच पाणी निघालं, ते कुठून आलं ते आता टाकी उतरवून बघतो.