तुम्ही विचारलंत म्हणून: कुर्ल्या, डुक्कर आणि लेवीयाचा अकरावा अध्याय

"तुमच्या बायबलात डुक्कर आणि कोळंबी अशुद्ध सांगितलीय, मग तुम्ही ख्रिस्ती लोक खाता कसे?" हे मंडळीतली तरुण मुलं विचारतात, शेजारचे मुसलमान भाऊ विचारतात, आणि शनिवार हा विश्रामदिन म्हणून पाळणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्यांची पत्रकं वाचलेले विश्वासणारेही विचारतात. उत्तर आधीच देतो. ख्रिस्ती माणसावर तो नियम बंधनकारक नाही. खायचं तर खा, नको तर नको. पण ताटातल्या अन्नाबद्दल नव्या कराराने आपल्याला जे खरोखर बजावलंय ते वेगळंच आहे. कोकणात ते सतत समोर येतं आणि त्याबद्दल सहसा कोणी विचारत नाही.

आधी नियम नीट बघू. तो जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या 11 व्या आणि अनुवाद या पुस्तकाच्या 14 व्या अध्यायात आहे. जमिनीवरच्या जनावराला दोन खुणा हव्यात: खूर दुभंगलेला हवा आणि जनावर रवंथ करणारं हवं. गाय, शेळी, मेंढी, हरीण दोन्हीत बसतात. डुकराचा खूर दुभंगलेला, पण ते रवंथ करत नाही. उंट रवंथ करतो, पण खुराच्या खुणेत नापास होतो. एका खुणेवर भागत नाही, म्हणून दोघंही बाद. पक्ष्यांना खूण दिलेली नाही, निषिद्ध नावांची यादी दिलीय. गिधाड, घार, घुबड, कावळा त्यात आहेत, कोंबडी नाही. पाण्यातल्या जिवाला मात्र पंख आणि खवले दोन्ही लागतात.

हा पाण्याचा नियम घेऊन हर्णैच्या लिलावात किंवा मालवणच्या बाजारात उभं राहा, म्हणजे तो किती काटेकोर आहे ते कळतं. बांगडा, तारली, मांदेली, मुडदुशी, रावस, जिताडा सरळ चालतात. पापलेट टोपलीत गुळगुळीत दिसतं, कारण त्याचे बारीक खवले हाताळतानाच गळतात. पण ते असतात, म्हणून चालतं. सुरमईचंही तसंच. खवले शोधायचे तर कल्ल्याजवळ, पंखाखाली आणि शेपटीच्या बाजूला नख उलटं फिरवायचं. ज्यू धर्मशास्त्र्यांची कसोटी अशी की कातडी न फाटता खवला निघाला पाहिजे. मोरी इथेच अडकते. तिचं कातडं पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं, पण ते कण कातडीत रुतलेले असतात, खरवडले तर कातडीसकट येतात. म्हणून मोरी बाद. पाकट, शिंगाळा, वाम, वाकटीही बाद. बोंबील फसवतो: पुढचं अंग उघडं आणि पातळ खवले मागच्या भागात. कुर्ल्या, शेवंड, कोळंबी, माकुल, तिसऱ्या, कालवं यांना तर जागाच नाही. म्हणजे नियम पाळायचा म्हटला तर जवळ्याची चटणी आणि सोड्यांचं कालवणही बंद. "मी लेवीय पाळतो" म्हणून डुक्कर सोडणारे आणि सुकट खाणारे पुष्कळ दिसतात, तेव्हा हे सांगावं लागतं.

हा नियम पिढ्यान्पिढ्या पाळणारी माणसं कोकणातच होती, मराठी बोलणारी. अलिबाग, पेण, पनवेलकडचे बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्या परंपरेत सांगतात की दावीद राहाबी नावाचा ज्यू इथे आला, त्याने बायकांपुढे सगळ्या जातींचे मासे ठेवले आणि त्यांनी बिनखवल्यांचे बाजूला काढले. त्यावरून त्याने आपली माणसं ओळखली. मांसात दूध मिसळायचं नाही म्हणून त्यांच्या मटणात दूधदही पडत नाही, नारळाचं दूध पडतं. हा नियम काय करतो ते इथे दिसतं: एका लोकसमूहाला तो वेगळा ठेवतो. लेवीय 11 च्या शेवटी कारण म्हणून तेच दिलंय, मी पवित्र आहे म्हणून तुम्ही पवित्र व्हा.

आरोग्याचं कारण त्या अध्यायात कुठेच नाही, तरी पत्रकांतून तेच पुढे करतात. डुकरात जंत असतात हे खरं, आणि ते मांस आतपर्यंत 71 अंश सेल्सिअसला शिजलं की मरतात. नुसतं खारवून किंवा धुरी देऊन ते मरतीलच याचा भरवसा नाही, म्हणून घरचं चोरीस (डुकराच्या मांसाचं सॉसेज) नीट शिजवूनच खावं. पण शुद्ध यादीतला बांगडा उन्हात तीन-चार तास बर्फाशिवाय पडला तर त्यात हिस्टामाइन तयार होतं आणि ते कितीही उकळलं तरी जात नाही. तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात. तेव्हा लेवीयाला आहारतज्ज्ञ करू नये.

आता नवा करार. मार्क 7 मध्ये येशू सांगतो की बाहेरून पोटात जाणारं माणसाला भ्रष्ट करत नाही, अंतःकरणातून निघणारं करतं. आणि मार्क तिथेच नोंदवतो की असं म्हणून त्याने सर्व अन्न शुद्ध ठरवलं. प्रेषितांची कृत्ये 10 मध्ये येशूचा शिष्य पेत्र यापो बंदरात, समुद्रकाठच्या घराच्या धाब्यावर प्रार्थनेला बसलेला असतो. त्याला दृष्टान्त होतो: आकाशातून एका चादरीत सगळे प्राणी खाली येतात, मारून खा असं तीनदा सांगितलं जातं. शनिवार पाळणारे बंधू म्हणतात, हा दृष्टान्त माणसांबद्दल आहे, जेवणाबद्दल नाही. अर्धं बरोबर आहे. पेत्र स्वतःच म्हणतो की कोणाही माणसाला अशुद्ध म्हणू नये हे मला देवाने दाखवलं. पण पुढच्याच अध्यायात त्याच्यावर आरोप येतो तो बेसुंत्यांच्या (सुंता न झालेल्या परराष्ट्रीयांच्या) घरी जेवल्याचा. माणूस स्वीकारायचा आणि त्याचं ताट नाकारायचं, हे जमत नाही. त्यांचा दुसरा मुद्दा, की शुद्ध-अशुद्ध भेद मोशेच्या आधी नोहाच्या वेळीही होता. होता, पण तारवातून उतरल्यावर नोहाने शुद्ध पशू वेदीवर अर्पिले, आणि खाण्यासाठी मात्र उत्पत्ति 9 मध्ये सगळे चालते प्राणी दिले. अट एकच: रक्तासकट खायचं नाही.

रक्ताची ही अट पुढेही येते. यरुशलेममधल्या प्रेषितांच्या सभेने परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांना चार गोष्टी टाळायला सांगितल्या: मूर्तीला वाहिलेलं, रक्त, गुदमरून मारलेलं आणि जारकर्म. त्यात डुक्कर नाही, खवले नाहीत. पूर्वेच्या मंडळ्यांनी 692 च्या परिषदेत रक्ताची बंदी पुन्हा घातली. रोमच्या मंडळीने 1442 मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेत ती त्या काळापुरती होती असं ठरवलं. त्यामुळे सिंधुदुर्गात आणि गोव्यात जुन्या पद्धतीच्या सोरपोतेलात (डुकराच्या मांसाच्या कालवणात) डुकराचं रक्त घालणारा कॅथलिक आपल्या मंडळीचा नियम मोडत नाही. मी स्वतः रक्त न घालण्याच्या बाजूचा आहे. कलेजी बारीक चिरून घातली तरी रस दाट होतो आणि कोणाचं मन दुखत नाही.

ज्याला रक्त कटाक्षाने टाळायचंय त्याने ज्यू रीत वापरावी. मांस अर्धा तास गार पाण्यात बुडवायचं. गरम पाण्याने रक्त आतच बसतं. मग निथळून सगळ्या बाजूंनी मिठागरातलं खडेमीठ जरा भरडून लावायचं. बारीक मीठ लगेच विरघळून आत मुरतं आणि मोठे खडे गळून पडतात. तासभर तिरप्या फळीवर ठेवायचं. परातीत ठेवलं तर मांस त्याच पाण्यात बसतं आणि खारट होतं. शेवटी तीन पाण्यांनी धुवायचं आणि रश्शात मीठ कमी घालायचं. कलेजीत रक्त इतकं की मिठाने निघत नाही. तिला चिरा पाडून निखाऱ्यावर भाजतात. माशाला यातलं काही लागत नाही, कारण लेवीय 7 ची बंदी पशूपक्ष्यांच्या रक्ताची आहे.

आणि आता तो न विचारलेला प्रश्न. शेजाऱ्यांनी गावच्या देवाला राखण दिली, म्हणजे त्याच्या नावाने कोंबडा कापला, आणि संध्याकाळी वाटी तुमच्या घरी आली. करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल तीन प्रसंग वेगळे करतो. बाजारात विकतं ते चौकशी न करता खा. मटणवाल्याने कापताना कोणाचं नाव घेतलं हा प्रश्न यातच मिटतो. कोणी घरी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा. पण तिथे कोणी "हे देवाला दाखवलेलं आहे" असं मुद्दाम सांगितलं तर खाऊ नका, सांगणाऱ्याच्या विवेकासाठी. आणि प्रत्यक्ष देवस्थानाच्या पंगतीला, पूजेचा भाग म्हणून बसू नका. वाटी आली आणि सांगूनच आली, तर दारातच नम्रपणे म्हणा, "वहिनी, प्रसाद आम्ही घेत नाही, राग मानू नका, उद्या चहाला या." घेऊन मागच्या दारी टाकणं वाईट, त्यात अन्नाचाही अपमान आणि शेजाऱ्याचाही.

रोमकरांस 14 वाचून मंडळीचं जेवण आखा. मुसलमान घरातून विश्वासात आलेल्याला डुकराची शिसारी येते, माळकरी घरातून आलेल्याला माशांचा वास सहन होत नाही. "आता तू मोकळा आहेस, खा" असा आग्रह करायचा नाही. ख्रिसमसच्या जेवणात डुक्कर करायचंच असेल तर वेगळं भांडं, वेगळा डाव, वेगळं टेबल, आणि वर चिठ्ठी. पाववडे त्याच तेलात तळायचे नाहीत. वाढपी एकच असेल तर डुक्कर त्या दिवशी करूच नये. कोंबडी-वडे आणि डाळ सगळ्यांना चालतात.