तांबड्या खडूला काम नसलेले चित्र

आषाढ लागला की आमच्या पडवीत गणपतीची शाळा भरते. दादा मूर्ती घडवतो, गावातली माणसे आपापले पाट आणून ठेवतात आणि चतुर्थीपर्यंत घरभर ओल्या चिकणमातीचा वास राहतो. त्या मातीच्या ढिगाशेजारी बसून परवा मी आणि सहावीत शिकणारी माझी भाची एक चित्र रंगवत होतो. प्रकल्पासाठी मिळालेल्या त्या कागदावर प्राचीन सुमेरमधील वर्ग रेखाटलेला होता: आठ मुलगे, हातात छडी घेतलेले गुरुजी, आणि प्रत्येक मुलाच्या मांडीवर ताटाएवढी पाटी.

भाचीने पहिल्याच झटक्यात तांबडा खडू उचलून भिंतीचा एक कोपरा रंगवला. भिंत म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांची, हे कोकणातल्या मुलांना कोणी शिकवावे लागत नाही. मी हात धरला तेव्हा ती म्हणाली, “आते, हेंची माती तांबडी नाय?”

तैग्रिस आणि युफ्रेटिस नद्यांच्या गाळाने बनलेल्या त्या सपाट प्रदेशात, म्हणजे आजच्या दक्षिण इराकमध्ये, बांधकामाचा दगड मिळणे दुर्मीळ. त्यामुळे भिंती उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या, जमीन मातीची आणि लिहायची पाटीही मातीचीच. शाळेचे सुमेरी नावच ‘एदुब्बा’, म्हणजे पाट्यांचे घर. तेव्हा सगळा वर्ग फिकट तपकिरी रंगाच्या छटांतच बसवायला हवा, आणि मुलांच्या हातातल्या पाट्या ओल्या असल्यामुळे तेवढ्याच किंचित गडद. बारा रंगांची नवी पेटी समोर असताना हे ऐकून तिचा चेहरा पडला, यात नवल नाही.

चित्रकाराची खरी चूक मात्र त्या ताटाएवढ्या पाट्यांची होती. नवशिक्या मुलांच्या सरावाची पाटी बहुधा तळहातात मावेल एवढी, गोल आणि चपटी असे. एका बाजूला गुरुजी नमुन्याची ओळ लिहून देत. ती पाहून घ्यायची आणि पाटी उलटून मागच्या बाजूला स्वतः लिहायची. हे सांगून भागेना, म्हणून मी व्हाळावरून देवनळाचा तुकडा आणला, कोयतीने त्याचे टोक तासले आणि दादाच्या ढिगातला लिंबाएवढा गोळा चापटून तिच्या हातात दिला. बोरूने मोडी लिहीत तसे ओढायला गेले की माती नुसती उकरली जाते, हे तिला दुसऱ्या रेघेलाच कळले. इथे ओढायचे नसते, टेकवायचे असते. बोरूचा कोपरा किंचित तिरका दाबून उचलला, की डोके रुंद आणि शेपटी निमुळती असा खिळ्यासारखा ठसा उमटतो. उभा, आडवा, तिरका, असे ठसे जमल्यावरच सुमेरी मुलांना अक्षरे मिळत: तु-ता-ती, नु-ना-नी, बु-बा-बी. आपल्या बाराखडीचीच ही जुनी चुलत बहीण म्हणावी, फक्त स्वरांचा क्रम निराळा. गंमत अशी की निप्पुर नगरातली मुले इ. स. पूर्व १८व्या शतकात हे घोकत होती, तेव्हा सुमेरी ही कोणाच्याही घरची भाषा उरली नव्हती. घरी अक्कादी बोलायची आणि शाळेत सुमेरी गिरवायची. घरी मालवणी बोलून शाळेत संस्कृतचे शब्द चालवणाऱ्या मुलांना हे नवे वाटू नये.

छडी मात्र चित्रकाराने अचूक काढली होती. सुमेरी भाषेचे अभ्यासक सॅम्युअल नोआ क्रेमर यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या एका सुमेरी रचनेत एक विद्यार्थी आपल्याला दिवसभरात कशाकशासाठी मार बसला ते सांगतो. बोलला म्हणून, उठला म्हणून, अक्षर वाईट म्हणून. शेवटी तो वडिलांना सुचवतो की गुरुजींना घरी जेवायला बोलवा. वडील त्यांना बोलावतात, जेवू घालतात, नवे वस्त्र देतात आणि बोटात अंगठी घालतात, त्यानंतर गुरुजी त्याच मुलाची तोंडभरून स्तुती करतात. भाची यावर मनापासून हसली आणि गुरुजींच्या बोटात तिने लगेच एक पिवळी अंगठी काढली.

निळ्या रंगाचा हट्ट मी गळ्यातल्या मण्यांपुरता मान्य केला, कारण लाजवर्द हा निळा खडा अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून सुमेरपर्यंत खरोखरच जात असे. कपडे लोकरीचे, म्हणून पांढरट आणि काळपट. मुली का नाहीत, या प्रश्नाला मात्र माझ्याकडे पटेल असे उत्तर नव्हते. शिकणारे बहुतेक मुलगेच असत, पण सिप्पर नगरात लेखनिक स्त्रियाही होत्या, एवढे सांगितल्यावर तिने कोपऱ्यातल्या एकाला दोन वेण्या काढल्या. मी काही बोलले नाही.

निप्पुरमध्ये १९५१-५२ च्या उत्खननात एका लहानशा घरात अशा पाट्यांचे सुमारे १४०० तुकडे सापडले. काही जमिनीत आणि भिंतींत भरावासारखे घातलेले होते, आणि जुन्या पाट्या भिजवून माती पुन्हा वापरण्याची सोयही त्या घरात होती. भाचीची तु-ता-तीची पाटी मी वाळायला फडताळावर ठेवली होती. संध्याकाळी दादाला माती कमी पडली, त्याने ती न वाचताच पाण्यात बुडवली, मळली आणि वाडीतल्या एका गणपतीच्या उंदराला पाठ केली.