आई जवळ नसते, म्हणूनच

न्यू जर्सीत वसंत आला की आमच्या वन्यप्राणी केंद्रात सशांचा हंगाम सुरू होतो. घराघरांतून गवत कापायची यंत्रं फिरतात आणि आमचे फोन खणखणू लागतात. त्या शनिवारी दुपारी चक्क मराठी आजी आल्या, सोबत मुलगा. बुटांच्या खोक्यात कॉटनटेल या इथल्या जातीच्या सशाची चार पिल्लं.

"सकाळपासून बघतेय, आई फिरकलीच नाही गं. टाकून गेली बघ!" आजींचे डोळे भरून आले होते.

मी एकेक पिल्लू अलगद उताणं केलं. डोळे अजून मिटलेले, अंगावर जेमतेम लव. पण पोटं टम्म! पातळ कातडीआडून दुधाचा पांढरा पट्टा स्पष्ट दिसत होता. पहाटे आई येऊन पाजून गेली होती.

ही मादी बीळ खणत नाही. उथळ खळग्यात गवत आणि स्वतःच्या अंगावरचे उपटलेले केस अंथरते. पहाटे नि तिन्हीसांजेला येते, काही मिनिटांत दूध पाजते, वरचं पांघरूण सारखं करते आणि निघून जाते. दिवसभर तिथं घुटमळली तर कोल्ह्या-मांजरांना आयताच पत्ता मिळेल.

"आजी, ती लांब राहते म्हणून तर ही जगतात."

"पण आमच्या साताऱ्याकडं उसात सापडायची ती डोळे उघडी असायची, चांगली केसाळ."

बरोबर होतं त्यांचं. आपल्याकडचा रानससा वेगळा, त्याची पिल्लं जन्मतःच तशी असतात. कॉटनटेलचे डोळे उघडायला आठवडाभर जातो.

"मी हात लावला, आता घेईल का ती?"

"घेते आजी. माणसाच्या वासानं ती पिल्लं टाकत नाही."

इतकी लहान पिल्लं आमच्याकडं बाटलीवर वाढवणं फार अवघड. आतडी नाजूक, त्यात धसका घेतात. कितीतरी हातातच जातात. त्यामुळे ती परत पाठवायला मिळाली की मला खरंच हायसं वाटतं. पिल्लं त्याच खळग्यात ठेवा, वर काटक्या आडव्या-उभ्या मांडा आणि लांब व्हा, असं मुलाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोटो आला: काटक्या विस्कटलेल्या, पोटं पुन्हा टम्म.

तीन आठवड्यांत ती आपापल्या वाटेला लागतात, तोवर त्या कोपऱ्यात यंत्र फिरवू नको, असं त्याला कळवलं. शिवाय मादी विल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते, तेव्हा पुढच्या खेपेला गवत कापण्याआधी आवारात एक फेरी मारच.