अक्षता हवेत थांबवणारा फ्लॅश

सांगलीत मी घरगुती समारंभांचे फोटो काढते. बारसं, डोहाळजेवण, मुंज, साखरपुडा, छोटी लग्नं. कॅमेरा नवा घेतलेली पोरं मला एकच प्रश्न विचारतात, "ताई, फ्लॅश कोणता घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे. ज्याची मान वर-खाली आणि डावी-उजवी वळते तो घ्या. बाकी सगळं नंतर बघू.

कॅमेऱ्यातला छोटा फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळ बसतो आणि समोरच्याच्या तोंडावर सरळ आदळतो. नाक-गाल सपाट होतात, पैठणीची जर पांढरीफटक होते, मागच्या भिंतीवर काळी सावली चिकटते. पहिल्या रांगेतल्या काकू भुतासारख्या पांढऱ्या आणि मागच्या रांगेतली माणसं अंधारात, असंही होतं. कारण अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाईच उरतो. तोच फ्लॅश स्लॅबकडे किंवा बाजूच्या भिंतीकडे वळवला की ती अख्खी भिंतच दिवा बनते. डोहाळजेवणाला झोपाळ्यावर बसलेल्या मुलीचा फोटो मी नेहमी डावीकडच्या भिंतीवर फ्लॅश मारून काढते. नथीची बारीकशी सावली ओठावर उतरते, हिरव्या चुड्यातली बांगडी न् बांगडी वेगळी दिसते, आणि साडीच्या निऱ्यांना खोली येते.

दुकानात गेलात की खोक्यावरचा गाइड नंबर दाखवतील. हा आकडा लेन्सच्या छिद्राच्या आकड्याने, म्हणजे एफ-नंबरने, भागला की प्रकाश किती मीटरपर्यंत पुरेल ते कळतं. गाइड नंबर 60 असेल तर एफ/4 ला 15 मीटर. पण तो आकडा कुठल्या झूमला मोजलाय हे बघाच. गोडॉक्स टीटी600 या साध्या फ्लॅशचा 60 हा आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) 100 ला आणि फ्लॅशचं डोकं 200 मिमीवर झूम केल्यावरचा, म्हणजे प्रकाश अरुंद झोतात गोळा केल्यावरचा आहे. घरात आपण फ्लॅश 35 मिमीच्या आसपास, म्हणजे रुंद झोतावर ठेवतो, तिथे तो आकडा बराच खाली येतो. त्यातून छताला आपटून परत येताना आणखी प्रकाश गळतो. म्हणून दोन कंपन्यांचे आकडे एकाच झूमचे नसतील तर शेजारी ठेवून उपयोग नाही. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. आयएसओ 100 वरून 400 केला की गाइड नंबर दुप्पट होतो. दहा फुटी स्लॅबच्या खोलीत साधा फ्लॅश आरामात पुरतो, फार महागाचा लागत नाही.

आपल्याकडची खरी अडचण रंगाची असते. हॉलला एक भिंत जांभळी, पीओपीच्या मधोमध गुलाबी फूल, आणि लग्नाच्या मांडवात तर वर भगवं-पिवळं कापड. फ्लॅश ज्यावर आपटेल त्याचा रंग घेऊन परत येतो आणि नवरीच्या गालावर बसतो. मग संगणकावर तो कितीही काढायचा प्रयत्न करा, कातडीचा रंग सुधारला की साडीचा बिघडतो. मी घरात शिरल्या शिरल्या आधी छत आणि भिंती बघते, मग पाहुण्यांना नमस्कार करते. पांढरं काहीच मिळालं नाही तर घरातल्या एखाद्या उंच पोराच्या हातात पांढरी चादर ताणून धरायला देते. पोरं आनंदाने धरतात आणि उजेड फार छान पडतो.

औक्षणाचा फोटो मला सगळ्यांत जास्त आवडतो, आणि फ्लॅशने तो सहज मरतो. निरांजनाचा उजेड केशरी असतो, फ्लॅशचा पांढरा. दोन्ही एकत्र आले की वात नुसती ठिपका दिसते. उपाय स्वस्त आहे. फ्लॅशच्या तोंडावर नारिंगी जेलचा, म्हणजे रंगीत पारदर्शक कागदाचा, तुकडा चिकटवायचा, कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग जुळवायची सेटिंग, बल्बवर ठेवायचा, आणि शटर 1/60 सेकंदापर्यंत खाली आणायचं. इथे एक नियम पक्का डोक्यात ठेवा. शटरने खोलीतला उजेड कमी-जास्त होतो, फ्लॅशचा नाही. फ्लॅशवर छिद्र, आयएसओ आणि त्याची स्वतःची ताकद यांचा परिणाम होतो. हे उमगलं की आईच्या हनुवटीखाली निरांजनाचा उबदार उजेड राहतो आणि चेहराही दिसतो.

आता अक्षता. फ्लॅशची ताकद कमी केली की तो मंद पेटतो असं बहुतेकांना वाटतं. पेटतो तेवढाच जोरात, पण विझतो लवकर. टीटी600 पूर्ण ताकदीला साधारण 1/300 सेकंद पेटलेला असतो, सगळ्यांत कमी ताकदीला 1/20000. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातले संशोधक हॅरॉल्ड एजर्टन यांनी याच क्षणभराच्या लखलखाटावर आयुष्य घालवलं. दुधाचा थेंब पडताना उठणारा मुकुट दाखवणारा त्यांचा 1957 चा रंगीत फोटो जगभर पाहिला गेला. आपल्याला थेंब नको, तांदूळ हवेत. मंगल कार्यालयात मी आयएसओ 1600, एफ/4, शटर 1/200 आणि फ्लॅश 1/8 ताकदीवर, छताकडे वळवून ठेवते. ट्यूबचा उजेड मागे पडतो आणि फोटो मुख्यतः फ्लॅशच काढतो. "शुभ मंगल सावधान" म्हणताच अंतरपाटावर तांदळाचा दाणा न् दाणा हवेत लटकलेला दिसतो, कुंकवाने लाल झालेला. फ्लॅश पूर्ण ताकदीला असता तर त्या जागी रेघा आल्या असत्या. शटर मात्र तुमच्या कॅमेऱ्याच्या सिंक वेगाच्या (फ्लॅशसोबत चालणारा शटरचा सर्वांत जास्त वेग), बहुतेक वेळा 1/200 किंवा 1/250 च्या, वर नेऊ नका, नाहीतर फोटोत काळा पट्टा येतो. दुपारी अंगणात काढायचं असेल तर हाय-स्पीड सिंक, म्हणजे त्याहून वेगवान शटरलाही फ्लॅश चालवायची सोय, लागतो, आणि त्यात फ्लॅशची ताकद खूप घटते.

टीटीएल (कॅमेरा लेन्समधून उजेड मोजून फ्लॅशची ताकद आपोआप ठरवतो) की मॅन्युअल (ताकद आपण ठरवतो)? हळदीसारख्या धावपळीत, अंतर सारखं बदलत असताना, टीटीएल हात देतो. पण पहिला फ्लॅश मी मॅन्युअलच घ्यायला सांगते. स्वस्तही पडतो आणि प्रकाश समजतो. टीटीएल घेणार असाल तर तुमच्या कॅमेऱ्याच्या कंपनीसाठी बनवलेलाच घ्या. आजोबांच्या कपाटातला रिळांच्या काळातला फ्लॅश डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नका. त्यांतल्या काहींचा ट्रिगर व्होल्टेज, म्हणजे फ्लॅश पेटवताना कॅमेऱ्याच्या जोडणीवर येणारा विजेचा दाब, 200 व्होल्टच्याही वर असतो आणि कॅमेऱ्याचं सर्किट जळू शकतं.

पेन्सिल सेल साधे नकोत, रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड घ्या. ते 1.2 व्होल्टचे असले तरी करंट पटकन देतात, त्यामुळे फ्लॅश लवकर तयार होतो. चार-चारचे गट करून त्यांवर खुणा करा आणि एकत्रच वापरा, एकत्रच चार्ज करा. पुढचे पैसे हाताशी आले की लेन्सआधी रेडिओ ट्रिगर, म्हणजे वायरशिवाय दूरचा फ्लॅश पेटवणारं यंत्र, घ्या. फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून खोलीच्या कोपऱ्यात, दाराआड, पाळण्याच्या मागे ठेवता येतो, आणि बारशाला बाळाच्या तोंडावर काही मारावंच लागत नाही.