‘सर्व्हायव्हर्स’: जुनी की नवी?

मंडळी, इथे इंग्लंडमध्ये जुन्या मालिकांवर लोक किती जीव तोडून वाद घालतात, ते तिकडे बसून कळायचं नाही. सध्या आमच्याकडे विषय आहे ‘सर्व्हायव्हर्स’. साथीच्या रोगात जवळजवळ सगळी माणसं मरतात आणि उरलेले मूठभर लोक कसे जगतात, ही गोष्ट. बीबीसीने ती दोनदा केली. पहिली 1975 ते 77, ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा मालिकेतल्या डालेक नावाच्या खलनायकांचे जनक टेरी नेशन यांची, एकूण 38 भाग. दुसरी 2008 ते 2010, फक्त 12 भाग.

शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांच्या मते जुनीच खरी. त्यांचं म्हणणं मला पटतं, कारण ती मालिका आली त्याच्या आदल्याच वर्षी, 1974च्या सुरुवातीला, वीज वाचवायला इथले कारखाने आठवड्यातून तीनच दिवस चालत होते. लोकांनी मेणबत्तीच्या उजेडात जेवणं केली होती. त्यामुळे पहिल्या भागात मालिकेची नायिका ॲबी मुलाच्या शोधात त्याच्या शाळेत जाते आणि तिथले वयस्कर मास्तर तिला सांगतात की आता साधी मेणबत्तीसुद्धा आपली आपल्याला बनवावी लागेल, तेव्हा बघणाऱ्यांच्या पोटात खड्डा पडला असणार. दोन माणसं खोलीत बसून बोलतात, बाकी काही घडत नाही. पण आपल्याला स्वतःच्या हाताने काय काय करता येतं, याचा हिशेब मी त्या रात्री मांडला आणि झोप उडाली.

‘लॉ अँड ऑर्डर’ हा भाग तर चुकवू नका. वस्तीत खून होतो, संशय मंदबुद्धीच्या बार्नीवर येतो, मतदान होऊन त्याला मृत्युदंड दिला जातो. नंतर कळतं की खुनी वस्तीतलाच टॉम प्राइस होता. आणि ॲबी आणि तिचा साथीदार ग्रेग गप्प बसतात, कारण राबणारा आणखी एक हात गमावणं वस्तीला परवडणारं नसतं! इतका निष्ठुर प्रश्न टीव्हीवर मी क्वचितच पाहिलाय.

ऑफिसमधली माझी मैत्रीण बर्मिंगहॅमची, आईवडील पाकिस्तानातून आलेले. तिला नवी आवडते. जुन्या मालिकेत वाचलेले जवळपास सगळे गोरे. नवीत अल आणि छोटा नजीद ही आशियाई वंशाची पात्रं आहेत. “जगबुडीनंतर आम्हीही उरतो, हे तिथे पहिल्यांदा दिसलं,” असं ती म्हणते. यावर माझ्याकडे उत्तर नाही, ती बरोबरच आहे. ज्युली ग्रॅहमची ॲबीही जीव ओतून केलेली आहे. जुन्यात शेवटपर्यंत टिकणारी जेनी इथे पहिल्याच भागात मरते, हा धक्काही मला धाडसी वाटला.

माझी तक्रार वेगळी आहे. नव्या मालिकेत प्रयोगशाळा आणि तिथलं कारस्थान येतं आणि हळूहळू ‘आता पेरायचं काय, खायचं काय’ हा प्रश्न मागे पडून ‘हे केलं कुणी’ हाच उरतो. 2020 मध्ये घरात कोंडून घेतलेले आपण सगळे पहिल्याच प्रश्नाने हैराण होतो ना? पीठ कुठे मिळेल, औषध कुठे मिळेल? त्यात दुसऱ्या पर्वानंतर बीबीसीने मालिकाच बंद केली, गोष्ट अर्ध्यावर. तेव्हा वेळ कमी असेल तर जुन्याचं पहिलं पर्व घ्या, 13 भागांचं. चित्रीकरण जुनाट वाटेल, दोन भाग धीर धरा.