तुम्ही विचारलंत म्हणून: घुमटीपाशी आम्ही गाडी हळू का करतो

डिसेंबरात पुण्याची मंडळी आमच्याकडे गोव्यात आली की पेडण्याहून घरी पोचेपर्यंत एक प्रश्न हमखास येतो. गेल्या खेपेला नणंदेने विचारला. वहिनी, दर दोन मिनिटांनी कुठे घुमटी, कुठे क्रॉस, आणि तू प्रत्येक ठिकाणी गाडी हळू करून हॉर्न वाजवतेस, हात छातीला लावतेस, एवढी छोटी छोटी देवळं बांधली कुणी आणि कशाला? मी गाडी चालवत होते, समोर वळण होतं, काहीतरी अर्धवट सांगून मोकळी झाले आणि मग रात्रभर चुटपुट लागून राहिली. शाळेतले नवीन शिक्षकही विचारतात, भाड्याने राहायला येणारेही विचारतात, म्हणून आता बसून लिहितेय.

पहिलं म्हणजे ती छोटी देवळं नव्हेत. देवळात देव राहतो, आपण त्याच्याकडे जातो, तिथे आरती असते, भटजी असतात. घुमटीतला राखणदार, म्हणजे गावाची राखण करणारा देव, कामावर असतो, घुमटी ही त्याची चौकी. कुणी त्याला राखणो म्हणतं, कुणी देवचार, कुणी जागेवालो. रात्री तो गावाच्या शिंवेवरून फिरतो, हातात दांडो, खांद्यावर कांबळ, पायांत वहाणा. चालून चालून वहाणा झिजतात म्हणून लोक त्याला नवा जोड आणून वाहतात, वेताळालाही असाच वाहतात. कित्येक ठिकाणी तर त्याला डोक्यावर छप्पर चालत नाही, मूळ जागा झाडाखाली, उघड्यावरच. म्हापशाचा बोडगेश्वर आज केवढा मोठा, जानेवारीच्या सुमाराला जत्रेला सगळ्या धर्मांची माणसं लोटतात, पण तोही मुळात शेतांतला राखणदारच.

आणि तिथे आपण मागायला थांबत नाही, सांगायला थांबतो. मी आले, अमुक घरची, आता आत जातेय. एवढंच. कुणाच्या घरात शिरताना आपण दारातून हाक मारतो ना, तसंच ते.

आमच्या वाड्याच्या, म्हणजे वस्तीच्या, तोंडाशी होती ती घुमटी सांगते. चार चिऱ्यांचा चौथरा, वर कमरेएवढी चुन्याने रंगवलेली देवळी, आत मूर्ती नाहीच, एक उभा काळा दगड, तेल पिऊन पिऊन इतका गुळगुळीत झालेला की पणतीच्या उजेडात ओला वाटायचा. मागे काजऱ्याचं, म्हणजे कुचल्याचं, झाड. समोर कायम पानाचा विडा, अर्धवट जळलेल्या विड्या आणि बाटलीच्या झाकणात थोडा सोरो, कारण राखणदाराला दारू चालते, रोट चालतो, आपण रात्रपाळीच्या माणसाला जे देऊ ते सगळं त्याला चालतं. आजोबा काजूच्या बागेतून काळोख पडल्यावर यायचे, तिथे उभे राहून स्वतःची विडी पेटवायच्या आधी एक पेटवून चौथऱ्यावर ठेवायचे आणि मग गप्पा मारल्यासारखे चार शब्द बोलायचे. वर्षाचं गाऱ्हाणं वेगळं, त्याला सगळा वाडा जमतो, नारळ ठेवून जाणता माणूस सुरू करतो, "बा राखणदारा म्हाराजा, पोराबाळांक, गुराढोरांक सांभाळ", आणि प्रत्येक वाक्याला आम्ही सगळे एका आवाजात "व्हय म्हाराजा". लहानपणी मला वाटायचं की एवढ्या मोठ्याने ओरडतो कारण तो लांब शिंवेवर असतो.

आता हे आलं कुठून म्हणाल तर एका उगमातून नाही आलेलं. काही जागा वारुळाच्या. गोव्यात सांतेर किंवा सातेरी म्हणजे वारुळाच्या रूपातली भूमाताच, वारुळाला कोकणीत रोयण म्हणतात, आणि आजही कित्येक सातेरीच्या देवळांत गाभाऱ्यात मूर्तीआधी वारूळ असतं. काही जागा वीरांच्या. झाडाखाली कलंडलेला कोरीव दगड दिसला तर नीट बघा, खाली लढाई, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा आणि सगळ्यात वर तो शिवलिंगासमोर बसलेला, तो वीरगळ. गोव्यावर राज्य केलेल्या कदंबांच्या काळातल्या काही वीरगळांवर तर जहाजांवरची लढाई आहे. लढणाऱ्याचं नाव, घराणं लोक विसरले पण गावासाठी मेला हे विसरले नाहीत, म्हणून दगडाला तेल लागत राहिलं.

मग पोर्तुगीज आले. 1540 ला तिसवाडीतली देवळं पाडली, 1560 च्या दशकात बारदेश आणि साष्टीतली. मोठे देव लोकांनी रातोरात नदीपलीकडे नेले, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. हे सगळ्यांना माहीत असतं. पण राखणदार कसा नेणार? वारूळ उचलून होडीत ठेवता येत नाही आणि शींव तर मुळीच नेता येत नाही. मला वाटतं हे जे मागे राहिले त्यांच्याबद्दल आपण कमी बोलतो. माणसं तीच, वाट तीच, काळोख तोच, भीती तीच, मग वाटेच्या तोंडाशी कुणीतरी उभं असायला हवं ही गरज धर्म बदलला म्हणून संपली नाही. तिथे खुरीस, म्हणजे क्रॉस, उभे राहिले.

सगळेच खुरीस जुन्या देवाच्या जागेवर आले असं कुणी सांगितलं तर ते खरं धरू नका. काही साथीच्या रोगात बोललेल्या नवसाचे, काही अपघातात गेलेल्या मुलाच्या नावाने आईबापांनी बांधलेले. पण घडण बघा, तोच चिऱ्यांचा चौथरा, तोच चुना, मेणबत्तीसाठी तसाच कोनाडा, आणि ख्रिस्ती घरासमोर अंगणात जिथे खुरीस असतो तिथेच आमच्याकडे तुळस. 1736 च्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, फर्मानात तुळस लावायलाही बंदी होती, हे लक्षात ठेवून ते अंगण बघितलं की घशात काहीतरी दाटतं. मे महिन्यात खुरीसापाशी लादाईन होते, व्हायोलिन, प्रार्थना, मग उकडलेले चणे आणि पेला. आमच्या पलीकडच्या वाड्यावरच्या आंटी मला दरवर्षी बोलावतात, आणि त्यांच्या घरी नवी स्कूटर आली तेव्हा त्यांनी पहिला नारळ आमच्या घुमटीवर पाठवला होता. बांबोळीला हायवेवरचा फुलांचो खुरीस बघा, तिथे हार घालणाऱ्यांत कोण हिंदू कोण ख्रिस्ती हे ओळखता येत नाही.

वर "होती ती घुमटी" असं लिहिलं ते मुद्दाम. रस्ता रुंद झाला तेव्हा ती गेली. 29 सप्टेंबर 2009 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सार्वजनिक रस्त्यावर नवी अनधिकृत प्रार्थनास्थळं होऊ द्यायची नाहीत आणि जुन्यांचा राज्यांनी एकेक करून विचार करावा. कायदा मला पटतो, रस्ता अडवून नवीन देव बसवणाऱ्यांचा मलाही राग येतो. पण आमच्याकडे आलेल्या साहेबांना घुमटी म्हणजे एक बांधकाम दिसलं, ते म्हणाले, शंभर मीटर आत नवीन बांधून देऊ, टाइल्स लावून देऊ. दिलीही. देवाचा कौल घेतला, पूजा केली, दगड हलवला. शिंवेचं काय ते मात्र त्यांना कुणाला समजावता आलं नाही, मलाही नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. काजरा आदल्याच दिवशी तोडलेला होता.

नवीन घुमटीत पणती असते, दिवाही लागतो. पण वाड्यातले ड्रायव्हर हॉर्न अजून जुन्या जागेवरच वाजवतात, तिथे आता लोखंडी रेलिंग आहे, पलीकडे गटार. नणंदबाई, तुम्ही विचारलंत ना की इथे तर काहीच नाही, मग का वाजवलास, ती हीच जागा. गेल्या आठवड्यात बाबांना दवाखान्यातून घरी आणत होते, रात्रीचे साडेनऊ झाले असतील, तर त्यांनी तिथे गाडी थांबवायला लावली. उतरता येत नव्हतं. काच खाली करायला सांगितली, खिशातली विडी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, पेटवून ठेव. मी रेलिंगच्या खांबावर ठेवली.